एकमत झालं, पण ते कुणाचं?

पोत्यात धान्य आहे 22 किलो, पण काटा हाताशी नाही. सखू म्हणते 20, गणपत म्हणतो 24 आणि महादू म्हणतो 40. सखू नि गणपत निम्मा भरवसा स्वतःवर ठेवतात, निम्मा महादूवर. एकमेकांना ते विचारतच नाहीत. महादूचा निम्मा भरवसा स्वतःवर, बाकीच्या दोघांवर पाव-पाव. या हिशेबाने प्रत्येकाने आपला अंदाज सुधारला, की सखू 30 वर येते, महादू 31 वर, गणपत 32 वर. दुसऱ्या फेरीत 30.5, 31 आणि 31.5. असं करत तिघं 31 वर स्थिरावतात.

खऱ्या वजनाच्या जवळ होते ते दोघंच त्यापासून लांब गेले! तिघांची साधी सरासरी काढली असती, तरी 28 आली असती. पण शेवटच्या आकड्यात महादूचा वाटा निम्मा आहे, आणि तो त्याला धान्याची पारख आहे म्हणून नव्हे, दोघंही त्याच्याकडे बघतात म्हणून.

हे गणित अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ मॉरिस डीग्रूट यांनी 1974 साली मांडलं. प्रत्येकाचं म्हणणं थेट किंवा इतरांमार्फत सगळ्यांपर्यंत पोचत असेल आणि प्रत्येक जण थोडाफार स्वतःवरही विसंबत असेल, तर एकमत होतंच. ते खरं असेल याची हमी मात्र हे गणित देत नाही, आणि मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. अर्थशास्त्रज्ञ गोलब आणि जॅक्सन यांनी 2010 साली दाखवलं, की समूह कितीही मोठा केला तरी एखाद्याचा प्रभाव नगण्य होत नसेल, तर त्याची चूक सगळ्यांच्या मतात उरते.

इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात लोकांनी एका बैलाच्या मांसाच्या वजनाचे अंदाज आपापल्या चिठ्ठीवर लिहून दिले होते. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी 1907 साली अशा 787 चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज निघाला 1207 पौंड. खरं वजन होतं 1198. तिथे अंदाजांची सरमिसळ झालेली नव्हती.

माणसं खरंच अशी सरासरी काढतात का? कर्नाटकातल्या गावकऱ्यांना सात-सात जणांच्या जाळ्यात जोडून हे तपासलं गेलं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे 90 टक्के लोकांचं वागणं डीग्रूट यांच्या धाटणीचं निघालं. एकच बातमी दोन शेजाऱ्यांकडून आली, की ती दोनदा मोजली जात होती.