आर्मेरो ते पिनातुबो : ज्वालामुखीचा इशारा कसा घडत गेला

विसाव्या शतकात ज्वालामुखींनी घेतलेल्या बळींमध्ये वाहत्या लाव्ह्याखाली सापडलेली माणसे अगदी थोडी आहेत. बहुतेकांचा जीव दोन गोष्टींनी घेतला : डोंगरावरून सुटलेला तप्त राखेचा लोट आणि राख-पाणी मिसळून नदीतून आलेला चिखल, ज्याला जगभर ‘लहार’ म्हणतात. हे कळायला आणि त्यावरून वेळेत गाव रिकामे करता यायला जवळजवळ नव्वद वर्षे गेली. १५ जून १९९१ला फिलिपिन्समधल्या पिनातुबोचा उद्रेक झाला, तेव्हा हजारो माणसे वाचली ती या नव्वद वर्षांतल्या अनुभवामुळे.

धोक्याचे मूळ शिलारसाच्या, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाच्या, घडणीत आहे. त्यात सिलिका किती, पाणी व वायू किती विरघळलेले आणि तापमान किती, यावर तो कसा वागेल हे ठरते. बेसाल्टी शिलारसात सिलिका साधारण ५० टक्के आणि तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असते. तो पातळ असल्यामुळे वायूचे बुडबुडे त्यातून सुटून जातात आणि लाव्हा पसरत वाहतो. सह्याद्रीत एकावर एक दिसणारे काळ्या पाषाणाचे थर असेच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरले. डेसाइटसारख्या शिलारसात सिलिका ६३ टक्क्यांच्या वर जाते, तापमान कमी असते आणि दाटपणा बेसाल्टच्या कितीतरी पट असतो. त्यातले पाणी खोलवरच्या दाबाखाली विरघळून राहते. शिलारस वर चढू लागला की दाब उतरतो, पाण्याची वाफ होऊ लागते आणि पृष्ठभागाशी येईपर्यंत तिचे आकारमान हजारपटीहून जास्त वाढू पाहते. दाट रसातून बुडबुडे निसटू शकत नाहीत. त्यांनी साधारण तीन चतुर्थांश जागा व्यापली की रसाच्याच चिंधड्या उडतात आणि राख, प्युमिस (सच्छिद्र, हलका दगड) व वायू यांचा फवारा नळीतून सुटतो. हा स्तंभ हवेपेक्षा हलका झाला तर वीस-तीस किलोमीटर उंच जातो. जड राहिला तर कोसळतो आणि उतारावरून काही शे अंश तापमानाचा लोट ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने खाली धावतो. त्याच्या पुढे पळून कोणी वाचत नाही, म्हणून आधी निघणे हा एकच उपाय उरतो.

८ मे १९०२ रोजी कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर माँ पेले या ज्वालामुखीचा असाच लोट सँ-प्येर शहरावर आला. काही मिनिटांत सुमारे २८,००० माणसे गेली. त्यानंतर फ्रेंच भूवैज्ञानिक आल्फ्रेड लाक्र्वा यांनी तिथे जाऊन या लोटाचा अभ्यास केला आणि तो ज्वालामुखीचा स्वतंत्र प्रकार म्हणून शास्त्रात नोंदवला गेला. पण ज्ञान तज्ज्ञांपाशीच राहिले. १९८०मध्ये अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उत्तर उतार दिवसाला दीड-दोन मीटर फुगत होता. मोजमाप चोख होते, तरी १८ मे रोजी भूकंपाने तो अख्खा उतार घसरला आणि आत कोंडलेला शिलारस आडवा फुटला. ५७ जण गेले, त्यात निरीक्षणासाठी थांबलेले भूवैज्ञानिक डेव्हिड जॉन्स्टनही होते. डोंगर बाजूनेही फुटतो हा धडा तेव्हापासून धोक्याच्या प्रत्येक नकाशात आला.

मोजमापे कितीही चांगली असली तरी ती उतारावरच्या माणसापर्यंत पोहोचली नाहीत तर काय होते, हे कोलंबियात दिसले. नेव्हादो देल रुईस हा ५३२१ मीटर उंचीचा बर्फाच्छादित ज्वालामुखी. नोव्हेंबर १९८४पासून तो अस्वस्थ होता. सप्टेंबर १९८५मध्ये वाफेचा मोठा स्फोट झाला, एक लहारही आला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात धोक्याचा नकाशा तयार झाला आणि त्यात आर्मेरो हे शहर लहारच्या वाटेत स्पष्ट दाखवलेले होते. आश्चर्य वाटण्यासारखे त्यात काहीच नव्हते, कारण १५९५ आणि १८४५च्या लहारांनी आणून टाकलेल्या गाळावरच आर्मेरो वसले होते.

१३ नोव्हेंबरला दुपारी स्फोट झाला, शहरावर राख पडली, पण लोकांना घरातच थांबण्याचा सल्ला मिळाला. रात्री ९च्या सुमारास मुख्य उद्रेक झाला. आकाराने तो लहानच होता. मात्र तप्त राखेने शिखरावरचे बर्फ खरवडून वितळवले आणि ते पाणी अरुंद दऱ्यांत शिरले. वाटेतली माती, दगड, झाडे उचलत लहार फुगत गेला. पूर्ण भरात आलेला लहार स्लॅबसाठी कालवलेल्या काँक्रीटइतका घट्ट असतो, त्यामुळे घराएवढ्या शिळाही त्यात वाहून येतात आणि माणसाला त्यात पोहता येत नाही. साडेअकराच्या सुमारास तो आर्मेरोत पोहोचला. उद्रेक आणि चिखल यांच्यामध्ये जवळजवळ अडीच तास होते आणि उंच जागा चालत गाठता येईल इतकी जवळ होती. तरी एकूण सुमारे २३,००० माणसे मेली. या अडीच तासांचा राग अजूनही शमत नाही, आणि शमू नये.

आर्मेरोनंतर १९८६मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने परदेशी मदत विभागाबरोबर एक फिरते पथक उभे केले. यजमान देशाने बोलावले की भूकंपमापक, रेडिओ प्रक्षेपक आणि वायूमापक घेऊन निघायचे, पण लोकांना इशारा द्यायचा तो त्या देशाच्याच शास्त्रज्ञांनी, असा त्याचा नियम.

२ एप्रिल १९९१ रोजी लुझॉन बेटावरच्या पिनातुबोच्या उतारावर वाफेचे स्फोट झाले. हा डोंगर सुमारे पाचशे वर्षे शांत होता आणि त्याच्या अंगाखांद्यावर आएता आदिवासींची वस्ती होती. फिलिपिन्सच्या ज्वालामुखी संस्थेचे प्रमुख रेमुंदो पुनोंगबायन यांनी दहा किलोमीटरचा पट्टा रिकामा करायला सांगितले. एप्रिलअखेरीस फिरते पथक आले आणि डोंगराजवळच्या क्लार्क या अमेरिकी हवाई तळावर निरीक्षण केंद्र उभे राहिले. जुन्या राखेच्या थरांवरून एक गोष्ट लगेच उमगली : हा डोंगर क्वचित फुटतो, पण फुटतो तेव्हा प्रचंड फुटतो. मेमध्ये एक ते पाच अशी इशाऱ्याची पायरी ठरली. तिसरी म्हणजे दोन आठवड्यांत उद्रेक शक्य, चौथी म्हणजे चोवीस तासांत, पाचवी म्हणजे उद्रेक सुरू. अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना राखेचे लोट व लहार प्रत्यक्ष कसे दिसतात याची चित्रफीत दाखवली गेली. ती फ्रेंच दांपत्य मोरिस आणि कातिया क्राफ्त यांच्या चित्रणातून तयार झाली होती. ते दोघेही ३ जूनला जपानमधल्या उन्झेनच्या अशाच लोटात मृत्युमुखी पडले.

सर्वांत अवघड होते ते वायूचे आकडे वाचणे. सल्फर डायऑक्साइड मेच्या मध्याला दिवसाला ५०० टन होता, २८ मे रोजी ५००० टनांच्या वर गेला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदम ३०० टनांच्या खाली आला. वरवर पाहता डोंगर शांत होतोय असे वाटावे. पण त्याच वेळी भूकंप वाढत होते, म्हणजे वायूची वाट बुजत होती आणि आत दाब साठत होता. नंतरच्या अभ्यासातून जमिनीखालची हकीकत कळली. सहा ते दहा किलोमीटर खोलीवर सुमारे ७८० अंशांचा, वजनाने ६ टक्क्यांच्या आसपास पाणी असलेला डेसाइटी रस साठला होता. त्यात खालून गरम बेसाल्ट घुसला आणि साठा ढवळला गेला. ७ जूनला शिखराजवळ दिसलेला लाव्ह्याचा लहान घुमट या मिश्रणाचाच होता. त्याच दिवशी इशारा चौथ्या पायरीवर गेला, ९ जूनला पाचव्या, आणि १० जूनला क्लार्क तळावरचे सुमारे साडेचौदा हजार लोक बाहेर काढले गेले. रिकामा करायचा पट्टा २०, मग ३० आणि शेवटी ४० किलोमीटर झाला.

१५ जूनचा उद्रेक सुमारे नऊ तास चालला. राखेचा स्तंभ ३५ किलोमीटरच्या आसपास गेला, डोंगराचे शिखर खचून अडीच किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. त्याच दिवशी युन्या वादळ जवळून गेले आणि राखेवर मुसळधार पाऊस पडला. १० सेंटिमीटर ओली राख एका चौरस मीटरवर १०० ते २०० किलोचा भार टाकते, आणि पत्र्याची, लांब पल्ल्याची छपरे तो सोसत नाहीत. उद्रेकाच्या वेळी मेलेल्यांतले बहुतेक जण अशा छपरांखालीच सापडले. पुढे छावण्यांत गोवराची साथ आली आणि आएता मुले दगावली. इशारा यशस्वी होता असे म्हणताना ही मुलेही हिशेबात धरली पाहिजेत. तरीही किमान ५००० जीव वाचले, असा दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वातावरणात गेलेल्या दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइडने १९९२मध्ये पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरवले.

दऱ्यांत काही ठिकाणी २०० मीटरपर्यंत राख भरली होती. ती आतून वर्षानुवर्षे गरम राहिली, पाणी शिरले की नव्याने स्फोट होत आणि दर पावसाळ्यात लहार उतरत. १ ऑक्टोबर १९९५ला बाकोलोरजवळचे काबालांतियान गाव गाडले गेले, म्हणजे उद्रेकानंतर चार वर्षांनी. म्हणून तिथे पर्जन्यमापक आणि जमिनीची बारीक थरथर टिपणारे संवेदक नदीकाठी बसवले गेले आणि पांपांगा प्रांतात मोठा बंधारा बांधला गेला. खड्ड्यात साचलेल्या तळ्याचे पाणी काठाला टेकले, तेव्हा २००१मध्ये खालच्या बोतोलानमधल्या लोकांना हलवून काठाला चर खणला गेला.