गाळात सापडलं म्हणजे तिथलंच?

१९३० च्या दशकात संशोधक के. आर. यू. टॉड यांना मुंबईत कांदिवलीला माती-गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारं मिळाली. नदीनाल्याकाठी असं काही मिळालं की पहिला प्रश्न येतो, किती जुनं? त्याआधी विचारायला हवं, ते माणसाने टाकलं की पाण्याने आणलं? २६ जुलै २००५ च्या पुरात कुणाचे डबे कुणाच्या घरात गेले, हे मुंबईकराला सांगायला नको.

दरीत नदी खोल कापत गेली की तिचा जुना काठ वर पायरीसारखा उरतो. वस्तीला सोयीची जागा: पाणी जवळ, पूर क्वचित. पण तो येतोच, आणि वस्तीवर गाळ पसरून जातो. वरून कड्याची दरडही पडते.

थर वाचायला उभा छेद करणीने तासून साफ करतात आणि त्यावर पाणी फवारतात. कोरड्या मातीत थरांचे रंग नीट फुटत नाहीत. पुराच्या थरात सहसा खाली जाड वाळू, वर बारीक गाळ. दरडीचे दगड कोनदार, नदीचे गुळगुळीत. वस्तीचा थर राखट, लहानमोठं सगळं एकत्र असलेला. खेड्यात शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, ती हीच राखेची, चुन्याची माती. घोड नदीकाठी इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खणलेली वस्ती अशाच पांढरीतली. पांढरीवर १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. पण चुनखडीही फसफसते, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नये. ढेकूळ न मोडता काढायचं, त्यात राळ मुरवायची आणि ०.०३ मिलिमीटरचा काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. जागेवरची चूल आणि वाहून आलेली राख तिथे वेगळी ओळखू येते.

हत्यार घडवताना दगडाचा चुराही पडतो. चाळणीत २-३ मिलिमीटरच्या कपच्या आल्या आणि मोठ्या छिलक्यांच्या कडाही धारदार असल्या, तर माल बहुधा जागचाच. वाहतं पाणी आधी चुरा नेतं आणि लांबट तुकडे एका दिशेला लावतं. म्हणून प्रत्येक तुकड्याची दिशा नि कल मोजायचा. कंटाळवाणं काम, पण टाळलं की फसगत ठरलेली.

आपल्या काळ्या मातीची खोड वेगळीच. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, वरचं खापर आत घसरतं, पावसात भेग मिटते. मग ताम्रपाषाणयुगाच्या थरात कालपरवाचं खापर निघतं.

गाळातल्या कणांना शेवटचं ऊन कधी लागलं, हे ओएसएल (प्रकाश-उद्दीपित दीप्ती) ही कालमापनाची पद्धत सांगते. पोलादी नळी छेदात ठोकून अंधारात बंद करायची आणि प्रयोगशाळेत टोकांची माती बाजूला काढायची, कारण तिला ऊन लागलेलं असतं. गढूळ पुरात कणांवर पुरेसं ऊन पडत नाही, तेव्हा वय उगाच जास्त येतं. पडताळ्याला कोळसा घेऊन कार्बन-१४ ने वय काढावं, तर वाशाचा कोळसा झाडाचं वय सांगतो, घर जळाल्याचं नाही. त्यापेक्षा एका हंगामाचा जळका दाणा बरा. तो उंदराच्या बिळातून खाली आलेला नाही ना, एवढं बघून घ्यायचं.