अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर हेडवर एक्झॉस्ट मॅनिफोल्डची जोडणी

एंजिनाच्या सिलिंडरांतून बाहेर पडणारे जळके वायू एकत्र करून पुढच्या नळीत सोडणारा भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तो हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणाच्या, बाजूला स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा) आणि नटांनी, काही एंजिनांत नुसत्या बोल्टांनी, मध्ये गॅस्केट (गळती रोखणारा पातळ थर) घालून आवळलेला असतो. हेड आणि मॅनिफोल्ड दोन्ही बिडाचे असतील तर ही जोडणी तुलनेने सोपी असते. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर मात्र तीच जोडणी एंजिनातल्या सर्वांत नाजूक जागांपैकी एक होते. दोन्ही धातूंचे तापमान वेगळे, त्यांचे प्रसरण वेगळे, आणि त्यांना एकत्र धरणारा पोलादी स्टड मऊ धातूच्या आट्यांत रोवलेला असतो.

प्रसरणाचा हिशोब केल्याशिवाय या जोडणीतले काहीच नीट कळत नाही. एक अंश सेल्सिअसला अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू दर मीटरला सुमारे २२ मायक्रॉन वाढतो, तर बीड सुमारे ११. आकड्यांवरून वाटेल की हेडच जास्त वाढत असेल. प्रत्यक्षात उलटे घडते. हेडमधून पाणी खेळत असते, त्यामुळे ते थंड अवस्थेपेक्षा साधारण १०० अंशांनी तापते. मॅनिफोल्डमधून मात्र पेट्रोल एंजिनात ९०० अंशांपर्यंतचे वायू जातात आणि जोरात चाललेल्या एंजिनावर त्याची भिंत सहाशे-सातशे अंशांवर पोचते. म्हणजे ४५० मिमी. लांबीचे हेड सुमारे १ मिमी. वाढते आणि तेवढ्याच लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ३ मिमी.हून अधिक. मधल्या स्टडपासून मोजले तर प्रत्येक टोकाला मॅनिफोल्ड हेडपेक्षा १ मिमी.हून जास्त पुढे सरकतो. ८ मिमी.च्या स्टडसाठी सर्वसाधारण भोक ९ मिमी.चे असते; त्यात एका बाजूला मोकळीक फक्त अर्धा मिमी. टोकाचे स्टड का तुटतात, याचे उत्तर या अर्ध्या मिमी.त आहे.

म्हणून चांगल्या रचनेत मॅनिफोल्डचे मधले एखादेच भोक स्टडला नेमके बसते आणि बाकीची भोके मोठी किंवा लांबट ठेवतात. मॅनिफोल्ड मध्यापासून दोन्हीकडे मोकळेपणी सरकला पाहिजे, आणि सरकतानाही गॅस्केटवरचा दाब टिकला पाहिजे. नटाचे काम दाबण्याचे आहे, मॅनिफोल्डला जागच्या जागी खिळवण्याचे नाही. मोठ्या भोकावर नट नीट टेकावा म्हणून जाड, कडक वॉशर लागतो. पातळ वॉशर भोकात खचतो आणि आवळणी सैल होते. ग्रॅफाइटचा थर असलेली किंवा अनेक पोलादी पत्र्यांची गॅस्केट हे सरकणे सहन करतात. नळ्या वाकवून, जोडून केलेल्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हेडरमध्ये, कधीकधी प्रत्येक पोर्टची (वायू बाहेर पडण्याच्या तोंडाची) फ्लँज, म्हणजे हेडला टेकणारी सपाट कड, सुटी ठेवतात किंवा सलग फ्लँज पोर्टांच्या मधोमध कापतात, तेही याच कारणाने.

सरकायला वाव नसेल तर जे घडते ते बरेचदा चुकीचे समजले जाते. मॅनिफोल्ड वाढून स्टड बाहेरच्या बाजूला ढकलतो, हे खरे. पण मोठे नुकसान गार होताना होते. तापलेले बीड नरम असते. त्याला वाढू दिले नाही तर ते दाबले जाऊन कायमचे आखूड होते आणि गार झाल्यावर मूळ लांबीपेक्षा कमी भरते. असे प्रत्येक वेळी थोडेथोडे होत जाते. काही वर्षांनी मॅनिफोल्ड काढला की टोकाची भोके स्टडांशी जुळत नाहीत आणि फ्लँजला बाक आलेला दिसतो. असा मॅनिफोल्ड नट आवळून हेडला ओढून बसवणे म्हणजे पुढचा स्टड तुटण्याची सोय करणे. आधी सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पत्र्या) लावून बाक मोजावा, फ्लँज सपाट करून घ्यावी आणि टोकाची भोके पुन्हा मोकळी करावीत. किती बाक चालेल हे त्या एंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेले असते.

स्टड की बोल्ट, या प्रश्नात अ‍ॅल्युमिनियम हेडपुरते उत्तर स्पष्ट आहे: स्टड. बोल्ट प्रत्येक वेळी आवळताना आणि सोडवताना हेडच्या मऊ आट्यांवर घासतो. स्टड एकदा बसला की झीज त्याच्या आणि नटाच्या पोलादी आट्यांत होते, आणि ते दोन्ही बदलता येतात. बिडात किंवा पोलादात आट्यांची पकड स्टडच्या व्यासाइतकी खोल असली तरी पुरते. अ‍ॅल्युमिनियममध्ये ती व्यासाच्या दीडपट ते दुप्पट लागते. हेडच्या बाजूला जाड आटे ठेवतात, कारण बारीक आटे मऊ धातूत लवकर मरतात. स्टड बंद भोकाच्या तळाशी टेकवून जोरात पिळू नये, हेडला तडा जाऊ शकतो. काही एंजिनांत स्टडचे भोक थेट पाण्याच्या वाटेत उघडते. तिथे आट्यांना सीलंट लावले नाही तर पाणी गळते.

स्टडच्या धातूचाही विचार हवा. ८.८ प्रतीचे, म्हणजे नेहमीच्या मजबूत बोल्टांचे, पोलाद गार असताना भरपूर मजबूत असते, पण ३०० अंशांना त्याची ताण सोसण्याची ताकद सुमारे एक चतुर्थांशाने उतरते आणि दीर्घकाळ तापत राहिल्यावर आवळलेला ताण हळूहळू सुटत जातो. म्हणून टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर एंजिनात जास्त हवा ढकलणारे यंत्र) असलेल्या किंवा सतत जड भार ओढणाऱ्या एंजिनांत क्रोम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम पोलाद, ए-२८६ किंवा इन्कोनेल यांसारख्या उष्णतारोधक मिश्रधातूंचे स्टड वापरतात. स्टडची लांबी वाढवून नटाखाली नळीसारखा स्पेसर घालणे हाही उत्तम उपाय आहे: लांब स्टड जास्त ताणला जातो, त्यामुळे गॅस्केट थोडे बसले तरी दाब टिकतो, आणि नट आगीपासून दूर राहतो.

नटांच्या बाबतीत जुनी पद्धत अजूनही बरोबर आहे. तांब्याचा मुलामा दिलेले पोलादी नट किंवा पितळी नट वर्षांनंतरही सुटतात. पोलादी स्टडवरचा साधा पोलादी नट गंजून एकजीव होतो. स्टेनलेस स्टडवर स्टेनलेस नट कोरडा चढवला तर गंज नसतानाही आटे एकमेकांत घुसून जाम होतात. नट सैल होऊ नये म्हणून नायलॉनच्या कड्याचे नट इथे चालत नाहीत, नायलॉन वितळते. स्प्रिंग वॉशरचा लवचिकपणा उष्णतेने जातो आणि आटे चिकटवणारे साधे द्रव साधारण १५० अंशांनंतर निकामी होते. उपयोगी पडतात ते संपूर्ण धातूचे, मुद्दाम किंचित दाबून अंडाकृती केलेले लॉकनट.

आटे जाम होऊ नयेत म्हणून त्यांना अँटीसीझ पेस्ट लावावी. अ‍ॅल्युमिनियमशी तांब्याचे विद्युत-रासायनिक जमत नाही, ओल मिळाली की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. म्हणून हेडच्या बाजूला निकेलची पेस्ट बरी. पण पेस्ट लावली की टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या पिळाचा, आकडा तोच ठेवता येत नाही. ८ मिमी.च्या स्टडसाठी बहुतेक ठिकाणी २० ते २५ न्यूटन-मीटर सांगितलेले असते आणि पुस्तिकेत दुसरे काही म्हटलेले नसेल तर तो आकडा कोरड्या आट्यांचा धरावा. वंगण असेल तर त्याच टॉर्कने स्टडमधला ताण सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकतो. म्हणून टॉर्क पाव भागाने कमी करणे शहाणपणाचे. आवळताना मधून सुरुवात करून आळीपाळीने टोकांकडे जावे, दोन-तीन फेऱ्यांत, हेड गार असताना. काही उत्पादक पहिल्यांदा तापून गार झाल्यावर पुन्हा आवळायला सांगतात, काही सांगत नाहीत. इथे पुस्तिकेचेच ऐकावे.

जोडणी सुटू लागल्याची पहिली खूण म्हणजे गार एंजिन सुरू केल्यावर येणारा टिकटिक आवाज. मॅनिफोल्ड तापून फुगला की फट बुजते आणि आवाज जातो, त्यामुळे दुखणे बरे झाल्याचा भास होतो. फटीजवळ काजळीचा पट्टा दिसतो. वायूच्या दाबाच्या लाटांमध्ये क्षणभर बाहेरची हवा आत ओढली जाते, मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे कमी इंधनाचे, वाटते आणि एंजिन विनाकारण जास्त इंधन घेते. गळणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो केबिनमध्ये शिरू शकतो. केवळ आवाज म्हणून ही गळती दुर्लक्षित करणे धोक्याचे आहे.

तुटलेला स्टड काढताना घाई सगळ्यात महाग पडते. गंज भेदणारे तेल घालून वेळ द्यावा, मग हेडचा तेवढाच भाग बेताने तापवावा: अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढत असल्याने पकड ढिली होते. ज्योत जपून वापरावी, कारण हेडचा मिश्रधातू उष्णतेने लालसर होऊन इशारा देत नाही, एकदम ढासळतो. तुकडा पृष्ठभागाच्या जवळ असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करणे ही सर्वांत खात्रीची रीत आहे. पोलादाचे वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला नीट धरत नाही आणि त्या धगीने स्टडही सुटतो. छिद्र पाडायचेच असेल तर डाव्या आट्याचे ड्रिल घ्यावे आणि ते बरोबर मध्यावर राहील असा मार्गदर्शक बुश वापरावा. ड्रिल मध्यावरून ढळले की ते कडक पोलाद सोडून मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये घुसते. छिद्रात घुसवून तुकडा उलटा फिरवणाऱ्या स्क्रू एक्स्ट्रॅक्टरवर भरवसा ठेवू नये. तो फार कडक असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही.

आटे मेलेच असतील तर हेड टाकून देण्याची गरज नसते. भोक मोठे करून त्यात हेलिकॉइल (स्टेनलेस तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) किंवा भरीव बुशचे आटे बसवतात. अशी दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरते, कारण भार आता मोठ्या व्यासाच्या अ‍ॅल्युमिनियमवर पसरतो. काही एंजिनांत ही बुश कारखान्यातूनच बसवून येतात.

अलीकडच्या अनेक एंजिनांत मॅनिफोल्ड वेगळा राहिलेलाच नाही. तो हेडमध्येच ओतलेला असतो आणि त्याभोवती पाणी फिरते. २०१२ मध्ये आलेले फोर्डचे १ लिटरचे इकोबूस्ट एंजिन हे त्याचे एक उदाहरण. सगळ्या सिलिंडरांच्या एक्झॉस्टच्या वाटा हेडच्या आतच एकत्र येतात आणि बाहेर एकच तोंड उरते. तिथे टर्बो अजूनही स्टडांनीच बसवतात, पण फ्लँज वीतभरही लांब नसल्याने मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या वाढीतला फरक स्टडला वाकवण्याइतका साचत नाही.