मराठवाड्यात गोळी पोचली, चिठ्ठी पोचलीच नाही : अँटिबायोटिकच्या वादामागची पार्श्वभूमी

अँटिबायोटिक लागू पडेनात ही ओरड आता तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आलीय. आणि दरवेळी बोलणं एकाच जागी येऊन थांबतं, की लोक मनानेच गोळ्या खातात, कोर्स अर्धा सोडतात, त्यांना कळत नाही. मराठवाड्यात औषध लोकांच्या हातात कसं येत गेलं ते बघितलं की दोष इतक्या सहज पेशंटवर टाकता येत नाही.

निजामाच्या काळाबद्दल थोडक्यात. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात, तिथं युनानीला राज्याचा आश्रय होता, शहरात हकीम आणि गावात वैद्य, जडीबुटीवाले, सुईणी. हैदराबादेत १९२० साली निघालेलं झिंदा तिलिस्मात हे युनानी औषध अजूनही मिळतं. औरंगाबादला सरकारी मेडिकल कॉलेज आलं १९५६ ला, अंबाजोगाईला सत्तरच्या दशकात, नांदेडला ऐंशीच्या, लातूरला २००२ मध्ये, आणि परभणी-धाराशिवला तर आत्ता आत्ता. मधल्या सगळ्या वर्षांत गावाचा ताप-खोकला कुणी बघितला? बीएएमएस, होमिओपॅथीवाले, आरएमपी म्हणजे गावठी प्रॅक्टिस करणारे, आणि कित्येक ठिकाणी शहरात कंपाउंडर म्हणून राहून आलेला आणि नंतर गावात स्वतःच बसलेला माणूस.

त्या दवाखान्यात औषध डॉक्टरच द्यायचा. मिक्सचरची बाटली, तिला डोसाच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि डब्यातून मोजून काढलेल्या सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत, लाल सकाळ-संध्याकाळ, पांढरी ताप आला तर. फी आणि औषध एकत्रच. नुसती चिठ्ठी लिहून दिली तर पेशंट बाहेर येऊन म्हणायचा की डॉक्टरनं काही दिलंच नाही, त्यात सुई टोचली नसेल तर मग संपलंच. गुण येतो तो हाताला आणि सुईला ही समजूत इथं पक्की झाली आणि ती वेडेपणाची नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी रोजाने जायचं असलेल्या माणसाला लवकर उभं राहणं गरजेचंच होतं. पण गोळीचं नाव काय, हे विचारायची सवय अख्ख्या दोन-तीन पिढ्यांना लागली नाही. नावच माहीत नाही तर कोर्स पुरा करा म्हणजे नेमकं काय पुरं करायचं?

कायदा मात्र आधीपासून चिठ्ठी आहे असं धरूनच लिहिलेला. १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम, त्यात शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशी औषधं. त्याच नियमांत शेड्यूल के नावाची सवलतींची यादी आहे, तिच्यात रजिस्टर्ड डॉक्टरनं दुकान न मांडता स्वतःच्या पेशंटला औषध दिलं तर विक्रीच्या परवान्याची गरज नाही. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाऐवजी ते बनवायच्या पद्धतीलाच पेटंट ठेवलं, मग देशातल्या ढीगभर कंपन्या तेच औषध वेगळ्या पद्धतीनं काढायला लागल्या, भाव पडले, आणि एकेकाळी मोठ्या हॉस्पिटलात मिळणारी अँटिबायोटिकं बीड-हिंगोलीच्या मेडिकलात दिसायला लागली. औषध स्वस्त झालं हे चांगलंच झालं, त्याबद्दल दुमत नको.

आता शेड्यूल एच-वन, म्हणजे एचपेक्षा कडक यादी. २०१० मध्ये भारतातल्या रेझिस्टन्सची, म्हणजे अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंची बातमी जगभर गाजली, त्यानंतर अँटिबायोटिकची विक्री आवळायचं ठरलं. पहिला विचार फार कडक होता, त्याला विरोध झाला आणि तो मागं पडला, कारण जिथं एमबीबीएस नाही तिथल्या न्यूमोनियाच्या लेकराला औषध कोण देणार हा प्रश्न खरा होता. मग ऑगस्ट २०१३ मध्ये शेड्यूल एच-वन आलं आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालं. सुरुवातीला ४६ औषधं, त्यात सेफिक्झिम, सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिकं, टीबीची औषधं आणि अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-सवयीच्या गोळ्या. अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन बाहेरच राहिली, म्हणजे सर्दीला सगळ्यात जास्त खाल्ली जाणारीच साध्या एचमध्ये राहिली. पाकिटावर लाल चौकटीत इशारा, तोही बहुतेक इंग्रजीत. मेडिकलवाल्यानं वेगळं रजिस्टर ठेवायचं, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते ३ वर्षं सांभाळायचं.

माझं म्हणणं असं की हे ओझं चुकीच्या टोकाला टाकलं गेलं. रजिस्टर काउंटरवर, आणि काउंटरवर येणारा माणूस चिठ्ठी नसताना आलेला, कारण ज्यानं कधी तपासलं त्यानं चिठ्ठी दिलीच नव्हती, पुडी दिली होती. मग तो रिकामं पाकीट नाहीतर मोबाईलमधला फोटो दाखवून मागणार, दुकानदार दिवसभर देत राहणार आणि रात्री शटर ओढायच्या आधी रकाने भरणार, गावातल्या एकाच डॉक्टरच्या नावानं. दुकानदारांची बाजू घेण्याचा प्रश्न नाही, नफा त्यांनीही बघितलाच. पण दवाखान्यात तेच सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन डॉक्टरनं स्वतः टोचलं तर मेडिकलवाल्याचं हे रजिस्टर लागत नाही. इथं औषधाचा मोठा भाग ज्या दारातून बाहेर पडतो ते दार उघडंच ठेवलं आणि शेजारच्या दाराला कुलूप लावलं.

२०१६ ला लाल रेघ ओळखा अशी मोहीम निघाली, पाकिटावर लाल रेघ असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका म्हणून. चांगली होती, पण रेघ पाकिटावर आणि पेशंटच्या हातात कापलेल्या पट्टीच्या चार गोळ्या. पुढं कोरोनात औषध म्हणजे जीव हे सगळ्यांनी बघितलं, रेमडेसिव्हिरसाठी लोकांनी रात्र-रात्र फोन फिरवले, आणि २०२१ मध्ये म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे पेशंट वाढले आणि बोट स्टेरॉइडच्या वापराकडं गेलं, तेव्हा स्टेरॉइड हा शब्द पहिल्यांदा भीतीनं घरोघरी गेला, इतका की त्यात स्टेरॉइड असतं म्हणून दम्याचा पंपसुद्धा नको म्हणणारे भेटतात.

सरकारी औषधावरचा भरवसा तर वेगळ्याच कारणांनी हलला. २०१७ पासून राज्याची खरेदी एकाच संस्थेकडं गेली, औषध वेळेवर येईना, बाहेरून आणा हे वाक्य वॉर्डात रोजचं झालं. २०२३ मध्ये खरेदीसाठी वेगळा कायदा करून नवं प्राधिकरण काढलं. त्याच वर्षी ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबरला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात. औषधाचा तुटवडा नव्हता असं प्रशासन म्हणालं, नातेवाईक वेगळं सांगत होते. २०२४ च्या अखेरीस अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट असल्याचं प्रकरण बाहेर आलं. यानंतर कुणी सरकारी गोळीला पॉवर नसते असं म्हणालं तर त्याला अडाणी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

१ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय, स्कॅन केलं की बॅच, कंपनी, एक्स्पायरी दिसते. सुट्या गोळ्या पुडीत देताना त्यावर नाव लिहून द्या, एवढी साधी गोष्ट मात्र अजून कुठल्या दवाखान्यात होताना दिसत नाही.