ऑक्सिजन रीब्रीदर

सोडलेला श्वास बाहेर न टाकता शुद्ध करून पुन्हा वापरणारे, केवळ ऑक्सिजनवर चालणारे पाणबुड्यांचे (डायव्हरांचे) श्वसनयंत्र. तारकर्लीला पर्यटकांच्या पाठीवर बांधतात त्या सिलिंडरमध्ये, ऑक्सिजन असतो असा समज असला तरी, दाबाखाली भरलेली साधी हवा असते आणि प्रत्येक उच्छ्वास बुडबुडे होऊन वाया जातो. रीब्रीदरमध्ये उच्छ्वास सोडालाइमच्या, म्हणजे चुना व कॉस्टिक सोडा यांच्या दाण्यांच्या, डब्यातून जातो. तिथे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि उरलेला वायू छातीवरच्या पिशवीत जमून पुन्हा श्वासात येतो. शरीराने जेवढा ऑक्सिजन खर्च केला तेवढाच बाटलीतून भरावा लागतो. हा खर्च खोलीवर नव्हे, श्रमावर ठरतो. बेताने पोहताना तो मिनिटाला एक ते दीड लिटर असतो, त्यामुळे 200 बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण पृष्ठभागावरच्या हवेचा दाब) भरलेली 2 लिटरची बाटली काही तास पुरू शकते. बुडबुडे नसल्याने मासे बुजत नाहीत. नायट्रोजन नसल्याने, तो शरीरातून हळूहळू सुटावा म्हणून वर येताना घ्यायचे थांबे इथे लागत नाहीत.

व्यवहारात उतरलेले पहिले यंत्र इंग्लंडच्या हेन्री फ्ल्यूस यांनी 1878 मध्ये तयार केले. सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात पाणी घुसले तेव्हा, 1880 मध्ये, अलेक्झांडर लॅम्बर्ट हे पाणबुडे ते लावून अंधारातून आत गेले आणि त्यांनी लोखंडी दार बंद केले. डिसेंबर 1941 मध्ये इटालियन नौदलाच्या सहा डायव्हरांनी अशाच यंत्रांच्या आधारे अलेक्झांड्रिया बंदरात शिरून दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. ऑस्ट्रियाचे हान्स हास यांनी पुढच्याच वर्षी एजियन समुद्रात हे यंत्र चित्रीकरणासाठी वापरले. फ्रान्सच्या जाक कुस्तो यांना मात्र ऑक्सिजनवर खाली असताना दोनदा आकडीचे झटके आले. पुढे 1943 मध्ये एमील गान्यां यांच्यासोबत त्यांनी हवेवर चालणारे ॲक्वालंग सिद्ध केले आणि हौशी डायव्हिंग त्या वाटेने गेले.

झटक्यांचे कारण ऑक्सिजनचा वाढलेला दाब. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी 1878 मध्येच ते दाखवून दिले होते. सहा मीटरवर शुद्ध ऑक्सिजनचा दाब 1.6 बार होतो आणि हौशी पाणबुड्यांसाठी हीच कमाल मर्यादा मानतात. सावध लोक 1.4 बारवर, म्हणजे चार मीटरवर थांबतात. अमेरिकी नौदल आपल्या प्रशिक्षित पाणबुड्यांना 7.6 मीटरवर 240 मिनिटे देते, 12 मीटरवर मात्र फक्त 15. हे आकडे पर्यटकाने उचलू नयेत. दुसऱ्या महायुद्धात केनेथ डोनाल्ड यांनी ब्रिटिश नौदलात केलेल्या प्रयोगांत सहनशक्ती माणसागणिक, इतकेच काय एकाच माणसात दिवसागणिक, प्रचंड बदलताना आढळली. कोरड्या दाबकक्षापेक्षा पाण्यात ती फार कमी होती. झटक्याआधी काही सूचना मिळेलच असे नाही, आणि तोंडातली नळी सुटली की माणूस बुडतो.

दुसरा धोका नेमका उलटा आहे आणि तो अगदी उथळ पाण्यात अधिक. फुप्फुसांत व पिशवीत सुरुवातीची हवा राहिली तर तिच्यातला नायट्रोजन तसाच फिरत राहतो आणि ऑक्सिजन संपत जातो. पिशवी मात्र फुगलेलीच दिसते. गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइडमुळे होते. तो शोषला जात असल्याने माणूस काहीच न कळता बेशुद्ध पडतो. म्हणून बुडीआधी पिशवी पूर्ण रिकामी करून ऑक्सिजनने भरणे आणि काही श्वास नाकावाटे बाहेर सोडणे हा या यंत्राचा पहिला धडा. डब्यात पाणी शिरले तर तोंडात दाहक क्षार येतो, आणि वाल्व्हला साधे ग्रीस लावले तर उच्चदाबाच्या ऑक्सिजनमुळे आग लागू शकते.

इटलीतल्या डायव्हिंग शाळांत हे यंत्र युद्धानंतरही शिकवले जाई. तळ सहा मीटरच्या आतच लागतो अशा शांत खाडीत, जाणत्या जोडीदाराबरोबर, ते समर्थनीय आहे. उतरत्या तळाच्या किनाऱ्यावर मासा पाहत पाहत दोन-तीन मीटर खाली सरकायला क्षणही लागत नाही. सध्या ते मुख्यतः नौदलांच्या कमांडोंकडे दिसते. हौशी रीब्रीदर बहुधा मिश्रवायूचे, म्हणजे ऑक्सिजनमध्ये इतर वायू मिसळलेले, असतात. खोल बुडीहून परतणारे तांत्रिक डायव्हर शुद्ध ऑक्सिजन घेतात तो सहा मीटर आणि त्यावरच्या थांब्यांवर, वेगळ्या बाटलीतून.