चव्हाटा कुणाच्या मालकीचा? सोशल मीडिया आणि बोलायचा हक्क

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाने त्याच्या गावच्या फेसबुक पेजवर जेटीचे दोन फोटो टाकले आणि खाली लिहिलं की पायऱ्यांची सळी उघडी पडलीय, टोपली घेऊन उतरताना बायकांचे पाय कापतायत, काम कधी पुरं होणार. संध्याकाळपर्यंत कमेंट गायब आणि हा ब्लॉक. पेज चालवणारा गावातलाच, पदावरचा माणूस. फोन केला तर म्हणाला, "पेज माझा आसा, कोणाक ठेवचा आणि कोणाक काढूचा ता मी ठरवतलंय." आता त्या पेजला गावाचं नाव, वर ग्रामपंचायतीच्या इमारतीचा फोटो, नळाचं पाणी कधी येणार तेही लोकांना तिथेच कळतं. मग ते त्याचं की गावाचं? वाद दोघांचा, पण याच प्रश्नावर मोठमोठ्या कोर्टांनी डोकं लावलंय, म्हणून मागचं सगळं एकदा नीट मांडतो.

आपल्याकडे चव्हाटा ही खरीखुरी जागा असते, चार वाटा मिळतात तिथली, तिथे देव असतो, बारा-पाच मानकरी जमतात, गाऱ्हाणं घातलं जातं आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. पण तिथे सगळ्यांना सारखं उभं राहता येत होतं असं समजू नका. जागा सार्वजनिक आहे की खाजगी हा प्रश्न कोकणात सगळ्यात मोठा गाजला तो महाडला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा हा सी. के. बोलेंचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 ला झाला, महाड नगरपालिकेने तो लागू केला, पण कागदावरच. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर काही सवर्ण कोर्टात गेले आणि त्यांचं म्हणणं काय, तर तळं आमच्या खाजगी मालकीसारखं आहे. डिसेंबरात तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. त्याच महिन्यात दुसरी परिषद घ्यायची होती तर मंडपाला कोणी जागा देईना, शेवटी एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली म्हणून सभा झाली. मुंबई हायकोर्टाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 ला, म्हणजे पाणी प्यायल्यावर दहा वर्षांनी.

मला यातली ती जमीन सारखी आठवते. मालक हो म्हणाला म्हणून सभा झाली, नाही म्हणाला असता तर? आज फेसबुक, यूट्यूब, एक्स ही सगळी अशीच दुसऱ्याची जमीन आहे, फरक एवढाच की पूर्ण देशाची सभा तिथे भरते.

राज्यघटनेत बोलण्याचा हक्क कलम 19(1)(अ) मध्ये आला आणि त्यावर काय बंधनं घालता येतील ते 19(2) मध्ये. रस्त्यावर सभा घ्यायचा प्रश्न सुप्रीम कोर्टात आला तो अहमदाबादच्या हिंमतलाल शहांच्या केसमध्ये, 1972 चा निकाल, आणि कायदा आपलाच, मुंबई पोलीस कायदा. कोर्ट म्हणालं नियम घाला, वेळ ठरवा, पण परवानगी द्यायची की नाही हे पोलिसांच्या मर्जीवर सोडता येणार नाही. म्हणजे सरकारी रस्त्याचं उत्तर मिळालं. खाजगी जागेचं राहिलं.

अमेरिकेत ते आधीच निघालं होतं. अलाबामातलं चिकासॉ हे गाव अख्खं एका जहाज कंपनीच्या मालकीचं, तिथल्या फुटपाथवर धर्माची पत्रकं वाटली म्हणून एका बाईला पकडलं, तर 1946 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गाव कंपनीचं असलं तरी गावासारखं चालतं, म्हणून बोलण्याचा हक्क तिथेही आहे. हे सोशल मीडियाला लावा असं खूप जणांनी म्हटलं. 2017 मध्ये पॅकिंगहॅम केसमध्ये त्याच कोर्टाने सोशल मीडियाला आजच्या काळातला चौक म्हटलंसुद्धा, पण ती केस सरकारने केलेल्या बंदीच्या विरोधात होती, कंपनीच्या नाही. कंपनीच्या बाबतीत कोर्टं उलट बोलली. यूट्यूब खाजगी आहे असं 2020 ला अपील कोर्टाने सांगितलं आणि 2024 च्या नेटचॉइस (टेक कंपन्यांची संघटना) निकालात तर सुप्रीम कोर्ट म्हणालं की काय दाखवायचं काय नाही हे निवडणं हे कंपनीचंच बोलणं आहे, संपादकासारखं.

आपल्याकडचा धडा मात्र कोकणपट्टीतूनच निघाला, पालघरमधून. नोव्हेंबर 2012, बाळासाहेब ठाकरे गेले, बंद पाळला गेला, एका मुलीने फेसबुकवर विचारलं की बंद कशाला, दुसरीने नुसतं लाईक केलं, आणि दोघींना अटक. नातेवाईकाचा दवाखाना फोडला. पुढे पोलिसांनी केस बंद केली, पण ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून शिक्षा देणारं आयटी कायद्याचं 66ए कलम सगळ्यांच्या नजरेत आलं. श्रेया सिंघल केसमध्ये 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं. चर्चा वेगळी, आग्रहाने मत मांडणं वेगळं आणि चिथावणी वेगळी, हा फरक त्या निकालात आहे आणि तो प्रत्येक ग्रुप अ‍ॅडमिनने वाचावा असं मला मनापासून वाटतं. तरीसुद्धा काही पोलीस ठाण्यांत रद्द कलमाखाली गुन्हे चालूच राहिले, 2022 मध्ये कोर्टाला परत आदेश द्यावा लागला. 2020 मध्ये अनुराधा भसीन केसमध्ये इंटरनेटवरून बोलणंही 19(1)(अ) मध्ये येतं हे स्पष्ट झालं.

आता राहिली कंपनी. 2019 मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद झालं, कारण नाझी सलामी न देणाऱ्या एका कामगाराचा जुना फोटो त्यांनी लावला होता. ते दिल्ली हायकोर्टात गेले. आडवं येतं ते हे की मूलभूत हक्क साधारणपणे सरकारविरुद्ध मागता येतात, कंपनी म्हणजे सरकार नाही. पण आपली घटना इथे अमेरिकेपेक्षा वेगळी आहे, कलम 15(2) मध्ये दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक विहिरी, तळी यांत जातधर्मावरून कोणालाच अडवता येत नाही, दुकान-हॉटेलाचा मालक खाजगी असला तरी. चवदार तळ्याचा लढा मला त्या ओळीत दिसतो. ते कलम भेदभावाबद्दल आहे, बोलण्याबद्दल नाही हे खरं, पण खाजगी मालक म्हटलं की विषय संपला असं आपल्याकडे कधीच नव्हतं. 2023 च्या जानेवारीत कौशल किशोर केसमध्ये घटनापीठाने चार विरुद्ध एक असं सांगितलं की कलम 19 आणि 21 (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) चे हक्क सरकार सोडून इतरांविरुद्धही मागता येतात. त्याआधी 2022 मध्ये आयटी नियमांतच घातलं गेलं की कंपन्यांनी 14 (समानता), 19, 21 या कलमांखालचे नागरिकांचे हक्क जपले पाहिजेत. माझं मत विचाराल तर कंपनीला सरकारसारखं धरायची गरज नाही, पण पोस्ट काढली तर कारण सांगायला आणि ऐकून घ्यायला ती बांधील असावी.

आणि पदावरच्या माणसाचं पेज? मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन शहराच्या मॅनेजरने फेसबुकवर टीका करणाऱ्याला ब्लॉक केलं, त्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल मार्च 2024 मध्ये आला. कोर्टाने दोन गोष्टी बघायला सांगितल्या: त्या माणसाला सरकारच्या वतीने बोलायचा अधिकार होता का, आणि ती पोस्ट टाकताना तो अधिकार वापरत होता का. अमेरिकेचा निकाल आपल्याला लागू नाही, पण मोजायला माप चांगलं आहे. पाण्याच्या वेळा सांगताना तो पदावरचा, आणि प्रश्न विचारला की घरचा, हे मला पटत नाही.

मावसभावाने मग 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उभं राहून तेच दोन फोटो मोबाईलवर दाखवले, दोन मासेवाल्या बायका पण उठल्या, एकीने घोट्याजवळचा व्रण दाखवला. प्रोसिडिंगला नोंद झाली, सळीवर सिमेंट पडलं. पेजवर तो अजून ब्लॉकच आहे, पाणी कधी येणार ते शेजारच्यांना विचारतो.