ज्वारीची उफणणी आणि धातूचा फवारा

सोलापूरच्या यंत्रमाग कारखान्यांत एक दुखणं नेहमीचं आहे: शाफ्टची बेअरिंगची जागा झिजते. मग तो वेल्डिंगने भरायचा आणि लेथवर मापाला उतरवायचा. पण वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्ट वाकायची धास्ती असते. धातू न वितळवता ही भर घालता आली तर?

कोल्ड स्प्रे, म्हणजे वेगवान वायूतून धातूची भुकटी पृष्ठभागावर मारण्याची पद्धत, तेच करते. १९८०च्या दशकात रशियातल्या नोवोसिबिर्स्क इथे अनातोली पापिरिन आणि सहकारी विंड टनेलमध्ये (वारा सोडून चाचण्या घ्यायच्या बोगद्यात), ध्वनीहून वेगवान वाऱ्यात धातूचे कण सोडून पाहत होते. पुरेशा वेगाने आदळलेले कण पृष्ठभाग खरवडण्याऐवजी त्याला चिकटून बसतात, हे तिथे लक्षात आलं. तांब्याला हा वेग सेकंदाला साधारण ५०० मीटरच्या पुढे लागतो. त्याहून कमी असेल तर कण उसळून परत जातो. जास्त असेल तर तो चेपतो, त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो आणि धातूला धातू भिडतो.

वेग मिळतो तो आधी अरुंद, मग रुंद होणाऱ्या नॉझलमुळे. नळीचं तोंड दाबलं की पाणी जोरात उडतं, हे आपण जाणतो. वायू मात्र ध्वनीचा वेग गाठल्यावर उलटा वागतो: जागा रुंदावली की आणखी धावतो, आणि धावता धावता गार होतो. कण वाहून नेणारा ८०० अंश सेल्सिअसचा नायट्रोजन ध्वनीच्या तिप्पट वेगाला पोचेपर्यंत गणिताने ११० अंशांच्या आसपास येतो!

हे सगळं काही सेंटिमीटरच्या नळीत, सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतं. आत डोकावणं कठीण, म्हणून संगणकावर सिम्युलेशन करतात. नळीची जागा लाखो बारीक घरांत वाटून प्रत्येक घरात वायूचं वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा हिशोब ठेवतात. मग त्या वाऱ्यात कण सोडायचे. वारा आणि कण यांच्या वेगात फरक किती, त्यावरून कणाला मिळणारी ओढ काढायची, कण थोडा पुढे सरकवायचा, पुन्हा ओढ काढायची. असे हजारो कण, प्रत्येकाची वाट वेगळी.

मला यातला सर्वांत सुंदर भाग शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये दिसतो. मंगळवेढ्याकडे ज्वारी उफणताना पाहिली असेल, तर तो लगेच समजेल. सुपातून धार सोडली की दाणे जवळच पडतात, भुसकट वाऱ्याबरोबर जातं. शाफ्टसमोरही तसंच घडतं. वेगवान वायू पृष्ठभागापाशी अडतो, तिथे दाबाची एक भिंत उभी राहते, ज्याला शॉक म्हणतात, आणि वायू बाजूला वळतो. एक-दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण भुसकटासारखे त्याच्याबरोबर वळतात किंवा मंदावतात. जड कण सरळ घुसून आदळतात. म्हणून भुकटी बारीक तितकी चांगली, हा समज इथे खोटा ठरतो. फार मोठा कणही चालत नाही, कारण जडपणामुळे त्याला नॉझलमध्ये वेगच पुरेसा येत नाही. साधारण ५ ते ५० मायक्रॉनची भुकटी वापरतात ती यामुळेच.

गोल शाफ्टसमोर हा वारा सपाट पत्र्यापेक्षा वेगळा वळतो, आणि कडेकडचे कण तिरपे आदळतात. त्यामुळे झिजलेली जागा भरायची, तर नॉझल किती दूर धरायचं आणि शाफ्ट कसा फिरवायचा, हे त्याच शाफ्टचा आकार संगणकात घालून नव्याने काढावं लागतं.